त्रेचाळीस पाठींची पेटी

काचेआडच्या पुतळ्याच्या अंगावर कोट होता आणि त्या कोटाची डावी बाही पाऊण इंच पुढे ओढली गेली होती. कटरबाईचं पित्त तिथूनच खवळलं. बाहीच्या खाली एक पाटी होती, ती तिने त्यानंतर वाचली, आणि मग तळपायाची आग मस्तकात जायला वेळ लागला नाही. पाटीवर लिहिलं होतं, ‘उंच-नीच खांद्यांसाठी आमची खास कटिंग. लवकरच तयार कपड्यांत. स्मॉल, मीडियम, लार्ज.’

“स्मॉल, मीडियम, लार्ज!” ती फुटपाथवर उभी राहून मोठ्यांदा म्हणाली. “वाकड्या पाठीला!”

शेजारून जाणाऱ्या एका गृहस्थांनी आपली पाठ ताठ केली आणि काढता पाय घेतला.

शिवणाच्या दुकानात कापड कापण्याचं काम ज्याच्याकडे असतं त्याला कटर म्हणतात. ही बाई पस्तीस वर्षं कटर होती, म्हणून सगळ्या बाजाराची कटरबाई. तिची जीभही तशीच चालते असं लोक म्हणत, पण तिच्या मागे म्हणत. आता ती अडुसष्ट वर्षांची होती, एका खोलीत राहत होती, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पॅन्टी आखूड करून देत होती. काचेआडचं ते दुकान तिच्या नणंदेचं होतं. म्हणजे पूर्वाश्रमीच्या नणंदेचं. नवरा पूर्वाश्रमीचा झाला म्हटल्यावर नणंदही झालीच. आणि ती कटिंग? ती कटिंग ना नणंदेची होती, ना दुकानाची.

कटरबाईच्या लेकीचा डावा खांदा जन्मापासूनच जरा खाली होता. नवव्या वर्षी तो फरक दीड इंचावर गेला. शाळेचा कोट तिच्या अंगावर एका बाजूने लोंबायचा, आणि वर्गातल्या चार टवाळ पोरी तिच्यामागून एक खांदा पाडून चालायच्या. कटरबाईने तो सबंध हिवाळा कोट कापण्यात घालवला. एक कापायचा, बसवायचा, उसवायचा, फेकायचा. सातवा कोट बसला. बसला म्हणजे असा बसला, की लेक आरशासमोर उभी राहिली आणि बराच वेळ हललीच नाही. मग तसली पाठ असलेली बाकीची माणसं विचारत विचारत येऊ लागली. कुणाचा कणा वाकलेला, कुणाची एक बरगडी आत गेलेली, कुणाला पडल्यापासून मान सरळ धरता येत नाही. प्रत्येकासाठी तिने खाकी कागदाचा वेगळा फर्मा काढला. फर्मा म्हणजे ज्यावरून कापड कापायचं तो साचा. असे त्रेचाळीस झाले. एकावर एक ठेवलात तर दोन फर्मे जुळायचे नाहीत. पत्र्याच्या एका चपट्या पेटीत ते ठेवलेले असत आणि पहिला नंबर लेकीचा होता.

बारा वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. दुकान नणंदेच्या नावावर. कटरबाई उंबऱ्यात उभी राहून “ठेवा सगळं तुम्हालाच!” असं ओरडली आणि निघाली. कोपऱ्यापर्यंत पोचल्यावर तिला पेटी आठवली. पण असं ओरडून निघालेलं माणूस पेटी मागायला परत कसं जाणार? दुसरी कुणी गेली असती. ती नाही गेली.

लेकीने त्या भांडणात कुणाचीच बाजू घेतली नाही आणि स्वतःची वेगळी खोली केली. ती एका औषधाच्या दुकानात कामाला होती. वर्षातून दोन-तीनदा आईकडे यायची, अंगात बाजारातला ढगळ तयार कोट घालून. पहिल्यांदा तो कोट बघितला तेव्हा कटरबाई एकच वाक्य बोलली होती, पण ते असं होतं की त्यानंतर मायलेकींत कपड्यांचा विषय निघाला नाही. लेक आली की आई खिडकीबाहेर बघून बोलायची. तो कोट डोळ्यात खुपायचा, दुसरं काय!

आणि आता हे. बटणवाल्याने खबर पक्की केली. कुठल्यातरी कंपनीला नणंदेने फर्मे द्यायचं कबूल केलं होतं. उद्या चार वाजता कंपनीचा माणूस पेटी न्यायला येणार होता. लेकीची पाठ, त्या त्रेचाळीस माणसांच्या पाठी, सगळ्यांची सरासरी काढून तीन मापांत कोंबणार होते. कटरबाईने बटणवाल्याकडून एक डझन बटणं विनाकारण घेतली आणि तिथून तडक बाजाराच्या जिन्याखाली गेली.

जिन्याखाली कुलूपवाल्याची टपरी होती. कुलूपवाला म्हणजे तोच तो, पूर्वाश्रमीचा.

“एक कुलूप उघडायचंय,” ती म्हणाली.

बारा वर्षांत दोघांत प्रत्यक्ष झालेलं हे पहिलं बोलणं. दुसरा कुणी दचकला असता, निदान हातातली कानस तरी पाडली असती. त्याने चष्मा वर केला.

“कुठलं?”

“तुझ्या बहिणीच्या कपाटाचं. माझी पेटी आहे त्यात.”

“ते सात लिव्हरचं आहे. मीच बसवलंय.”

“म्हणूनच आले. तुझं तोंड बघायची हौस म्हणून नाही आले.”

घटस्फोटातून कटरबाईला मिळालेली एकमेव चांगली गोष्ट म्हणजे हे ‘तू’. तेहतीस वर्षं ती त्याला ‘अहो’ म्हणत आली होती. कोर्टाच्या पायऱ्या उतरता उतरता तिने ठरवून टाकलं, आजपासून अरे-तुरे. गंमत अशी की नणंदेला मात्र ती अजून ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’च म्हणायची. तिथे जीभ वळत नव्हती आणि त्याचाही तिला राग होता.

“ती दीडला दुकान बंद करते,” कुलूपवाला म्हणाला. “वर जाऊन जेवते. मग डुलकी काढते. अडीचला परत उघडते.”

“एवढं सगळं पाठ आहे?”

“बहीण आहे माझी.”

“आणि बहिणीच्या घरी चोरी करायला एका मिनिटात तयार झालास?”

त्याने कानस फडक्यात गुंडाळली. “पेटीत पहिला फर्मा लेकीचा आहे,” तो म्हणाला, आणि पुढे काही बोलला नाही.

हेच ते! हीच ती सवय! तेहतीस वर्षांत हा माणूस एकदाही नीट भांडला नाही. ती ताटं आपटायची, हा आपटलेली ताटं उचलून जागेवर ठेवायचा. घर बदलायचं की नाही, लेकीला कुठल्या शाळेत घालायचं, आईला कुणी बघायचं, दर वेळी ती एकटीच ओरडायची आणि एकटीच थकायची. तोंडाला कुलूप. बाहेरच्यांची सगळी कुलपं उघडली याने, ते एक सोडून. न्यायाधीशांनी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “हा भांडत नाही.” न्यायाधीशांना वाटलं ती चेष्टा करते आहे.

दुसऱ्या दिवशी दीड वाजून पाच मिनिटांनी ते दुकानाच्या मागच्या बोळात उभे होते. भर दुपार, बोळात चिटपाखरू नाही. कुलूपवाल्याने खिशातून दोन तारा काढल्या, खाली वाकला, आणि कटरबाईने “लवकर कर” म्हणायच्या आत दार उघडलं. बहात्तराव्या वर्षी हात असा चालतो याचं तिला क्षणभर कौतुक वाटलं. कौतुक वाटलं म्हणून ती आणखी चिडली.

आत तोच वास. इस्त्रीचा, नव्या कापडाचा, मशीनच्या तेलाचा. कापायचं टेबल होतं तिथेच होतं, पण तिच्या बाजूला आता वह्या आणि चहाचे कप रचलेले होते. तिने ओठ आवळले. मागे कुलूपवाल्याने दार लावलं, कुलूप लावलं, आणि तीनदा ओढून बघितलं.

कपाट भिंतीजवळ होतं. तो त्याच्यासमोर बसला, तारा आत घातल्या, कान लावला, आणि तोंड वाकडं केलं.

“काय झालं?”

“कुरकुरतंय.”

“उघडतंय का?”

“उघडेल. पण बारा वर्षांत कुणी तेलाचा थेंब घातलेला नाही यात. किती किट्ट बसलंय बघ.” आणि त्याने पिशवीतून बारीक नळीची तेलाची बाटली काढली. मग ब्रश. मग जमिनीवर एक फडकं अंथरलं.

“अरे, आपण चोरी करायला आलोय!” ती दबक्या आवाजात किंचाळली. “सर्व्हिसिंगला नाही!”

“असं सोडलं तर महिन्याभरात अडकेल.”

“अडकू दे! तिचं अडकू दे!”

“कुलूप माझं आहे,” तो म्हणाला आणि ब्रश चालवत राहिला.

आता या माणसापुढे डोकं आपटून काय उपयोग! ती वळली. वळली ती नेमकी काचेच्या बाजूला, आणि समोर पुतळ्याची ती बाही. पाठीमागून बघितल्यावर तर ती आणखी वाईट दिसत होती. मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडायच्या जागेचा, गोल वरच्या बाजूला कापायला हवा होता तो खालून कापला होता, म्हणून खांदा धरत नव्हता आणि बाही पुढे पळत होती. तिने नजर दुसरीकडे वळवली. परत बघितलं. हात शिवशिवायला लागले. दोन मिनिटांचं तर काम. चार टाचण्या.

टेबलावरची टाचण्यांची डबी उचलून ती सरळ काचेत चढली. बाहीचे कच्चे टाके दातांनी तोडले, गोल फिरवला, टाचण्या तोंडात धरून एकेक लावायला लागली. तिसरी टाचणी लावताना काचेवर टकटक झाली.

बाहेर फुटपाथवर एक बाई उभी होती. साठीची, हातात पिशवी, एक खांदा कानाकडे चढलेला. हसून दाराकडे बोट दाखवत होती. उघडा की!

भर दुपारी, भर बाजारात, चोरी करणारी बाई दुकानाच्या काचेत उभी राहून पुतळ्याला टाचण्या लावत होती. हे तेव्हा कुठे कटरबाईच्या ध्यानात आलं. तोंडात टाचण्या असल्यामुळे तिला ओरडताही येईना. तिने हाताने ‘अडीच, अडीच’ अशी खूण केली. बाहेरच्या बाईने मान डोलावली आणि दाराशेजारची वरच्या घराची घंटा दाबली.

वर खुर्ची सरकली.

“अहो, दार!” कटरबाईच्या तोंडून निघालं, टाचण्यांसकट. बारा वर्षांची तपश्चर्या अशी मातीत गेली.

कुलूपवाल्याने पेटी काढून काखेत मारली होती. कपाट त्याने परत लावलं होतं, अर्थातच. दोघं मागच्या दाराशी धावले. दार बंद. कुलूप लावलेलं, तीनदा ओढून बघितलेलं. तारा कुठे आहेत? तारा कपाटासमोरच्या फडक्यावर. जिन्यावर नणंदेच्या चपला वाजत होत्या. कुलूपवाल्याने जाऊन फडकं गोळा केलं, तेवढ्यात पुढच्या दाराची किल्ली फिरली, आणि कटरबाईने त्याची कॉलर धरून त्याला कपडे घालून बघायच्या खोलीत ओढलं.

खोली कसली, फळ्यांचा उभा खोका. दोन म्हातारी माणसं आणि एक पत्र्याची पेटी त्यात मावत नाहीत.

“दार का लावलंस?” ती त्याच्या कानात फुसफुसली.

“दार उघडं ठेवून काम करायचं नसतं.”

“चोरी करताना ठेवायचं असतं!”

“आणि तू काचेत काय करत होतीस?”

“बाही वाकडी होती.”

“मग?”

“मग काय मग! तू ओरड ना माझ्यावर! माझी चूक आहे, धडधडीत चूक आहे, ओरड! एकदा तरी भांड माझ्याशी!”

“इथे?” तो म्हणाला.

तिने त्याच्या पायावर पाय दिला. मुद्दाम.

बाहेर नणंद आणि ती बाई आल्या. “दुकानात कुणी बाई होत्या, मी बघितलं ना,” ती बाई म्हणत होती. “कुणी नाही हो, पुतळा दिसला असेल,” नणंद म्हणाली. आवाज झोपेतून उठल्याचा आणि त्रासलेला. “या, कोट तयार आहे, घालून बघा.”

फळीच्या फटीतून कटरबाईला मोठा आरसा दिसत होता. त्या बाईने कोट चढवला आणि कटरबाईने तिला ओळखलं. सतरा नंबर. पोस्टाच्या खिडकीवर तिकिटं विकायची. पंधरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आली तेव्हा आरशाकडे बघायला तयार नव्हती. कटरबाईने तिला कोट घालून, खांदे धरून आरशासमोर फिरवलं होतं.

आता तोच फर्मा टेबलावर पसरला होता, कटरबाईच्या अक्षरातला सतरा नंबर. नणंदेने तो जसाच्या तसा गिरवला होता. आणि कोट पाठीवर ताणत होता, एका बाजूला पोकळ फुगत होता, गळ्याशी उघडा पडत होता. नणंद इकडून ओढत होती, तिकडून दाबत होती, हातात टाचणी धरून नुसतीच उभी राहत होती.

“पूर्वी छान बसायचा हो,” पोस्टातली बाई हळूच म्हणाली. “तुमची चूक नाही. माझीच पाठ आणखी वाकली. माझंच काहीतरी...” आणि ती ओशाळून हसली. “राहू द्या. चालेल असाच.”

कटरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या टेबलापुढे उभं राहून एकाही माणसाने आजवर स्वतःच्या पाठीबद्दल माफी मागितली नव्हती. एकानेही नाही! त्यासाठी तर तो सगळा खटाटोप होता. कुलूपवाल्याने तिचा दंड धरला, पण तो धरेपर्यंत ती बाहेर पडलेली होती.

“पाठीचं काही चुकलेलं नाही,” ती गरजली. “कोट चुकलाय! काढा तो!”

नणंदेची बोबडी वळली. पोस्टातली बाई एवढंच म्हणाली, “बघा, मी सांगत होते ना, बाई होत्या म्हणून.”

“उसवायचं पातं द्या, वन्सं,” कटरबाईने हात पुढे केला. नणंदेने पातं दिलं. काय करणार!

पुढची वीस मिनिटं ती कामाला जुंपली. कटरबाईने खांद्याची शिवण उसवली, पाठ सोडवली, टेप लावला. टेपवरचा आकडा बघून तिने टेबलावरच्या फर्म्याकडे बघितलं. फर्म्यावरचं माप तिचंच होतं, तिच्याच अक्षरात, आणि ते बरोबर होतं. पंधरा वर्षांपूर्वी बरोबर होतं. या पाठीचा कणा मधल्या काळात सरकला होता, उजवीकडे एक नवा उंचवटा आला होता, मान पुढे झुकली होती. त्या कागदाचा आता काडीचा उपयोग नव्हता. तिने तो बाजूला सारला आणि अंगावरच कापड बसवायला घेतलं. गुडघे कुरकुरत होते, नजर धूसर होत होती, दोनदा टाचणी बोटात गेली. पण पाठ हाताला कळत होती. शेवटची टाचणी लावून तिने बाईचे खांदे धरले आणि तिला आरशाकडे फिरवलं.

पोस्टातली बाई आरशाच्या आणखी जवळ गेली. “कधी मिळेल?” तिने विचारलं.

“परवा,” कटरबाई आणि नणंद एकदम म्हणाल्या.

ती गेल्यावर नणंदेने दार लावलं आणि मग तिचा भडका उडाला.

“चोरी करायला आलीस! माझ्या घरात! आणि तोही त्या खोक्यात आहे ना? ये रे बाहेर!”

“कडी सैल होती,” आतून आवाज आला. “बसवतोय. दोन मिनिटं.”

“तुम्ही माझी कटिंग विकताय!” कटरबाई ओरडली. “माझ्या लेकीची पाठ! स्मॉल, मीडियम, लार्ज! लाज नाही वाटली?”

“वाटली!” नणंद तिच्याहून मोठ्यांदा ओरडली. “बारा वर्षं रोज वाटते! तू ‘ठेवा सगळं’ म्हणून निघून गेलीस. मला कापता येतं का? कधी शिकवलंस? मी गिऱ्हाईक बघायचे, तू कापायचीस. बारा वर्षं तुझे कागद गिरवतेय. येईल तो म्हणतो पूर्वी बसायचा. पूर्वी बसायचा, पूर्वी बसायचा! कान किटले माझे. म्हटलं जाऊ दे ते कागद एकदाचे घराबाहेर!”

कटरबाईने टेबलावरचा टेप उचलून स्वतःच्या गळ्यात अडकवला. 

“नुसती मागितली असतीस पेटी,” नणंद खाली बसत म्हणाली.

“दिली असतीत?”

नणंदेने प्रामाणिकपणे विचार केला. “नसती दिली,” ती म्हणाली.

कुलूपवाला पेटी घेऊन बाहेर आला. बहिणीकडे बघून मान हलवली. “कपाटाचं कुलूप साफ केलंय. आता वर्षातून एकदा तेल घाल.”

“ही पेटी मी नेतेय,” कटरबाई म्हणाली.

“आणि चार वाजता तो माणूस आला की काय सांगू?”

“सांगा चोरी झाली.”

“कुणी केली म्हणाला तर?”

“तुमच्या भावाने. खरं तेच सांगा.”

नणंदेने तोंडावर पदर घेतला. ती हसतेय की रडतेय हे बघायला कटरबाई थांबली नाही. दारातून मात्र मागे वळून म्हणाली, “परवा सकाळी येते. तो कोट तुम्ही एकट्या शिवू नका. वाट लावाल.”

रस्त्यावर आल्यावर तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पेटी मिळाली होती. कंपनी गेली उडत. पण राग काही केल्या उतरत नव्हता. कुणावरचा राग तेही नीट कळत नव्हतं. बसथांब्याच्या बाकावर तिने पेटी मांडीवर घेतली आणि उघडली. पहिला नंबर. खाकी कागद कडेला पिवळा पडला होता. ‘डावा खांदा दीड इंच खाली.’ लेक नऊची, अकराची, सोळाची. प्रत्येक वर्षाची नवी रेघ मारलेली, शेवटची रेघ सव्वीसाव्या वर्षाची. त्या शेवटच्या रेघेवरून तिने बोट फिरवलं. पोस्टातल्या बाईचा फर्माही असाच होता. व्यवस्थित, तिच्या अक्षरातला, आणि शिळा.

“बस येतेय,” कुलूपवाला म्हणाला.

“मला घरी नाही जायचं.”

औषधाचं दुकान चालत दहा मिनिटांवर होतं. लेक गल्ल्यामागे उभी होती, पांढऱ्या ढगळ कोटात, एका आजोबांना गोळ्या सकाळी कुठल्या आणि संध्याकाळी कुठल्या ते समजावून सांगत होती. पुढे आणखी तिघं ताटकळत होते. तिने वर बघितलं. आई आणि बाबा एका दारातून आत येताना तिने बारा वर्षांत बघितले नव्हते.

“कोण गेलं?” तिने घाबरून विचारलं.

“कुणी नाही.” कटरबाई फळी उचलून गल्ल्याच्या आत गेली. “कोट काढ. वळ तिकडे.”

“आई, इथे? लोक बघतायत.”

“बघू देत. वळ.”

लेकीने बाबांकडे बघितलं. मग कोट काढला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कटरबाईने मानेच्या हाडावर टेप ठेवला, उजवा खांदा मोजला, डावा मोजला. टेप सरकला असावा म्हणून पुन्हा मोजला. मग टेप सोडून नुसत्या हातांनी चाचपलं, पाठीच्या कण्यावरून वरपासून खालपर्यंत.

पावणेतीन इंच.

“कधी झालं हे?” तिने विचारलं.

“सहा वर्षं झाली,” लेक भिंतीकडे बघत म्हणाली. “मधे बरंच वाढलं होतं. दोन हिवाळे पाठीला पट्टा लावून काढले. आता थांबलंय म्हणतात.”

सहा वर्षं. पट्टा. दोन हिवाळे! कटरबाई गर्रकन वळली. गल्ल्यापलीकडे कुलूपवाला पेटी छातीशी धरून उभा होता.

“तुला माहीत होतं?”

“हो. पट्टा मीच बांधायचो सकाळी येऊन.”

“मग मला सांगितलं का नाहीस?” ती एवढ्या जोरात ओरडली की गोळ्यावाल्या आजोबांनी कान झाकले. “एक शब्द! एक शब्द टाकता आला नाही तुला?”

“आपण बोलत नव्हतो,” कुलूपवाला म्हणाला. मग त्याचा चेहरा लाल झाला आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. “तू बोलत नव्हतीस! टपरीवरून दहा वेळा गेली असशील, मान वळवून! मी काय करणार होतो? काय करणार होतो मी?”

  कटरबाईला आयुष्यभर हवं होतं ते भांडण समोर उभं होतं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात टेप, दुसरा लेकीच्या खांद्यावर.

“कागद घे,” ती त्याला म्हणाली. “पेन्सिल आहे? मग लिही, मी सांगते ते.” ती परत वळली आणि लेकीच्या मानेवर टेपचं टोक धरलं. “खांदे सैल सोड, बाळा. ताठ नको उभी राहूस. जशी आहेस तशी राहा.”

त्याने गल्ल्यावर पेटी ठेवली, औषधाची एक चिठ्ठी उलटी केली आणि लिहायला वाकला.

“डावा खांदा,” तिने सांगितलं, “पावणेतीन इंच खाली.”